पायाचा ब्रेक लागंना? एटीव्हीवाल्यांनो, आधी पेडल दाबून बघा

पावसाळा लागला की म्हैसमाळच्या डोंगराच्या वाटेवर कृषी पर्यटन काढलेल्या मंडळींच्या एटीव्ही, म्हणजे चिखल-दगडात चालणाऱ्या जाड चाकांच्या उघड्या गाड्या, माझ्या गॅरेजपुढं लागतात. पिकअपमधून गाडी उतरवता उतरवताच मालक सांगतो, “भाऊ, पायाचा ब्रेक लागंना. ऑइल टाकून पाह्यलं, तरी तसंच.” ऑइल टाकून पाहिलं, हे ठरलेलं. ब्रेक कमी झाला की आपल्याकडं पहिला हात ब्रेक ऑइलच्या झाकणाला जातो आणि दुसरा खिशात, नव्या पॅडसाठी. दोन्ही करून झाल्यावर गाडी गॅरेजला येते. तोवर झाकणातून चिखल आत गेलेला असतो आणि नवे पॅड अडकलेल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, एका बाजूनं घासून निम्मे झालेले असतात.

झाकण नंतर. आधी पेडल.

गाडी सपाट जागेवर घ्या, इंजिन बंद करा, पुढच्या चाकांना दगड लावा. आता सीटवर बसून पायानं दाबू नका. बुटातल्या पायाला बारीक फरक कळत नाही. खाली बसा आणि हाताच्या तळव्यानं पेडल हळूहळू दाबा. ते कसं जातं यावरच अर्धं निदान होतं.

पेडल घट्ट आहे, थोडंच जातं, पण गाडी थांबत नाही, तर ऑइलच्या भानगडीत पडूच नका. दाब तयार होतोय, तो चाकापर्यंत कामाला येत नाही. दोष पॅड, डिस्क, कॅलिपरचा पिस्टन, नाहीतर तो ज्यांवर सरकतो त्या पिनांचा. पेडल मऊ लागतंय, दाबत गेलं की जातच राहतं, आणि भराभर पाच-सहा वेळा मारलं की वर येतं, तर पाईपात हवा असू शकते. पेडल दाबून धरलं आणि ते हाताखाली सावकाश खचत गेलं, तर कुठंतरी ऑइल सुटतंय, बाहेर नाहीतर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलच्या जोरानं ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या, आतल्या आत. आणि सकाळी ब्रेक झकास, पर्यटकांच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की पेडल पार तळाला, गाडी सावलीत गार झाली की परत ठीक, असं असेल तर ऑइलात पाणी मुरलंय आणि ते तापून उकळतंय.

एक प्रकार फसवा आहे. पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दुसऱ्या दाबाला एकदम चांगलं. याला सगळे हवाच समजतात. तपासायची रीत सोपी आहे. पेडल मारून वर आणा, सोडा, गाडी जागेवरून हलवू नका, मिनिटभर थांबा आणि पुन्हा दाबा. परत मऊ लागलं तर हवा. चांगलंच लागलं, पण गाडी थोडी ढकलून आणल्यावर पुन्हा खोल गेलं, तर हवेचा काही संबंध नाही. फिरणारी डिस्क पॅडना मागं ढकलतेय. म्हणजे डिस्क वाकली आहे नाहीतर मागच्या एक्सलच्या बेअरिंगमध्ये खेळ आलाय. अशा गाडीची दिवसभर हवा काढत बसलात तरी संध्याकाळी ब्रेक तसाच.

अजून एक गोष्ट आधीच पाहून घ्या. बऱ्याच एटीव्हींना डाव्या हाताचा लिव्हरही मागचाच ब्रेक लावतो, कुठं वायरनं, कुठं वेगळ्या पाईपानं. हाताचा चांगला लागतो आणि पायाचा नाही, आणि दोघांचा कॅलिपर एकच असेल, तर पॅड-डिस्क बहुधा ठीक आहेत; पेडलपासून निघणाऱ्या पाईपाच्या मागावर जा. दोन्ही ढिले असतील तर चाकाकडं बघा. काही मॉडेलना पायाचा ब्रेक हा कंपनीनंच जोडीला, आधाराला म्हणून दिलेला असतो. मुख्य काम हाताच्या लिव्हरचं. अशा गाडीचा पायब्रेक नव्यातही मोटारसायकलसारखा चावत नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आधी उघडून बघा, नाहीतर नसलेला फॉल्ट शोधत बसाल.

आता धुवा. प्रेशरचं पाणी थेट कॅलिपरच्या रबरांवर आणि एक्सलच्या सीलवर मारू नका, लांबून मारा. खालच्या शिवारातली काळी माती आणि डोंगरावरचा मुरूम, हे दोन्ही एकत्र पेडलच्या खाली जाऊन बसतात आणि वाळले की पेडल अर्ध्यातच टेकतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं ब्रेक पूर्ण दाबला. स्क्रू ड्रायव्हरनं पेडलची खालची बाजू, तिची बिजागरी आणि स्प्रिंग खरडून मोकळी करा, बिजागरीला ग्रीस द्या. पेडल सोडल्यावर टक्कन वर आलं पाहिजे. एवढ्यानंच ब्रेक परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात, आणि त्या मालकांचा चेहराही.

पेडल मोकळं झालं तरी ब्रेक ढिला, तर पुढं कॅलिपर. आमच्या भागातल्या गाड्यांचा खरा रोग इथं असतो, म्हणून इथं घाई नको.

बहुतेक एटीव्हींचा मागचा कॅलिपर तरंगता असतो. म्हणजे पिस्टन एकाच बाजूला. तो आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो, आणि त्याच्या उलट्या जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. या पिना सरकल्या तरच दोन्ही पॅड डिस्क धरतात. ब्रॅकेटचे बोल्ट काढून कॅलिपर बाहेर घ्या. तो पाईपावर लोंबकळत ठेवू नका, तारेनं फ्रेमला बांधा. आता एकेक पिन हातानं मागंपुढं करून बघा. चांगली पिन बोटानं सरकते आणि तिचं रबराचं बूट फुगतं-दबतं. बिघडलेली पिन हलतच नाही. पकडीत धरून पिळत पिळत बाहेर काढली की दिसतं काय ते: टोकाकडं जुन्या ग्रीसचा काळा चिकट थर, मध्ये तांबूस गंजाचं कडं, आणि बुटाच्या तोंडाशी बारीक मातीची पेस्ट. बुटाला एक चीर असते, तिथून पाणी आत गेलेलं. सोबत पॅड बघा. एक पॅड जाड, दुसरा पार पत्र्याला आलेला, तर पिना अडकल्या होत्या हे वेगळं सांगायला नको.

यातली गंमत अशी की अडकलेल्या पिनेनं पेडल मऊ लागतं. एकच पॅड एका बाजूनं डिस्कवर दाब टाकतो, डिस्क आणि ब्रॅकेट किंचित वाकतात, आणि ते वाकणं तुमच्या पायाला नरम लागतं. लोक म्हणतात हवा आहे, हवा काढा. हवा नसतेच. म्हणून पेडल मऊ असलं तरी माझ्याकडं आधी पिना निघतात, मगच हवा काढायच्या निपलला पाना लागतो.

पिना बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, गंज खोल गेला असेल तर बदला. पिनेचं भोकही चिंधीनं आणि ब्रेक क्लीनरनं स्वच्छ करा. वर ग्रीस लावायचं ते ब्रेकच्या पिनांचंच, सिलिकॉनचं. ट्रॅक्टरला मारतो ते ग्रीस इथं चालत नाही. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. फाटलेलं बूट ट्यूबच्या सोल्युशननं चिकटवू नका, नवं टाका.

पिस्टन बघायचा तर एक पॅड जागेवर ठेवून किंवा मध्ये लाकडी पट्टी धरून पेडल अगदी हळू दाबा. पिस्टन थोडा बाहेर आला की त्याची कड स्वच्छ पुसा आणि हातानं किंवा शिकंजानं परत आत ढकला. आत ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर येतं, म्हणून आधी झाकण सैल करा आणि खाली चिंधी धरा. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाणी ओता. पिस्टन आत जायलाच तयार नसेल किंवा कडेनं ऑइल पाझरत असेल तर सील किट लागणार. ते काम घरी करू नका असं मी म्हणणार नाही, पण स्वच्छ टेबल, नवं किट आणि भरपूर वेळ असेल तरच हात घाला. कॅलिपर नेमका पर्यटकांच्या शनिवारी उघडायचा नसतो.

पॅडचं मटेरियल एक मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचे, मापाचं नक्की पुस्तकात असतं. वरून काचेसारखी चमक आली असेल तर पॉलिश पेपरवर सपाट घासून चमक उतरवा. तेल प्यालेले पॅड मात्र फेका. गॅसच्या ज्योतीवर भाजून तेल काढायची आपल्याकडची रीत मला माहीत आहे. एखादा दिवस ब्रेक लागतो, मग आतलं तेल पुन्हा वर येतं. आणि तेल आलं कुठून हे आधी शोधा. चेनच्या गाडीला बहुतेक वेळा चेनवर मारलेला स्प्रे उडून डिस्कवर जातो. शाफ्टच्या गाडीला गिअर केसचं सील गळतं. सील तसंच ठेवून पॅड बदलले तर पैसे पाण्यात. डिस्क पुसायला डिझेल-रॉकेल नको, ब्रेक क्लीनर वापरा. पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ती छातीत जाते. क्लीनर मारून ओलीच पुसा.

डिस्क तपासायला डायल गेजच पाहिजे असं नाही. मागची बाजू मजबूत स्टँडवर उचला, स्विंगआर्मला, म्हणजे मागचा एक्सल धरणाऱ्या दांड्याला, एक तार बांधून तिचं टोक डिस्कच्या अगदी जवळ आणा आणि चाक हातानं फिरवा. फट कुठं कमी, कुठं जास्त झाली तर डिस्क वाकलीय. डोंगरातल्या दगडांवर बसणाऱ्या गाडीला हे नेहमीचंच, कारण बऱ्याच गाड्यांची मागची डिस्क एक्सलवर मधोमध, खाली लोंबते. ठोकून सरळ करायच्या नादी लागू नका. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तीही मोजून घ्या. मग चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड खेळ आला तर बेअरिंग. काही गाड्यांत डिस्कचा हब एक्सलच्या दात्यांवर बसतो. ते दाते झिजले की ब्रेक मारताना मागून ठक्क असा आवाज येतो.

हे सगळं ठीक आणि पेडल तरीही मऊ, तर आता हवा काढू.

आधी ऑइलचं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असा ऑइलचा प्रकार लिहिलेला असतो, तेच घाला, आणि सीलबंद छोट्या बाटलीतलं घाला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर प्रमाणाप्रमाणे तीच हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. वर्षभर शेडमध्ये अर्धी उघडी पडलेली बाटली म्हणूनच बाद. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३-४ मध्ये मिसळायचं नाही, डॉट ५.१ नावानं जवळचं वाटलं तरी ते डॉट ४ च्याच कुळातलं. आणि हात जोडून सांगतो, इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल टाकू नका. एका गाडीत कुणीतरी ते टाकलं होतं. आतलं प्रत्येक रबर फुगून बसलं होतं, मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर दोन्हींची किट गेली आणि पाईपही.

झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती पुसा. निपलचं रबर काढा, त्यावर रिंग पाना चढवा. बहुतेकांना ८ नंबरचा लागतो. निपलवर पारदर्शक नळी बसवा, तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलात बुडवा. एकजण पेडलवर, एकजण निपलवर. माझ्याकडं पोऱ्याला ओरडून सांगावं लागतं:

“दाब. अजून. धर तसंच... सोडू नको रे!”

पेडल दाबून धरलेलं असताना निपल पाव वळसा सैल करायचं. नळीतून ऑइल आणि बुडबुडे निघतात, पेडल खाली जातं. ते तळाला टेकण्याआधी निपल बंद. मगच पेडल सोडायचं. निपल उघडं असताना पेडल सुटलं की बाहेरची हवा आत, आणि पहिल्यापासून सुरुवात. असं करत राहायचं, टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, बुडबुडे बंद होऊन स्वच्छ नवं ऑइल येईपर्यंत. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं तर सगळंच बदलून टाका.

हवा निघतच नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी निपल कुठं आहे ते विचारतो. हवा वर जाते, म्हणून निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या जागी पाहिजे. काही एटीव्हींत कॅलिपर असा तिरपा बसतो की निपलच्याही वर एक पोकळी राहते आणि बुडबुडा तिथं निवांत बसतो. मग कॅलिपर सोडवून निपल वर येईल असा हातात धरायचा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घालायची आणि हवा काढायची. पट्टी विसरली तर पिस्टन बाहेर उडतो. तरीही जमेना तर मोठी स्वच्छ सिरिंज घेऊन निपलमधून खालून वर ऑइल ढकला. हवा आपल्या पायानं टाकीकडं जाते. तेव्हा टाकी भरून सांडणार नाही याकडं लक्ष ठेवा. ज्या गाडीत हात आणि पाय दोन्ही एकाच कॅलिपरला वेगवेगळ्या पाईपानं येतात, तिला निपलही दोन असू शकतात. पायाच्या पाईपाचं निपल कोणतं ते पाहून घ्या.

पेडल अजून खचतंय आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर मास्टर सिलिंडर. पेडलचा जोर सिलिंडरमध्ये नेणाऱ्या दांड्यावरचं, म्हणजे पुश रॉडवरचं, रबराचं टोपण मागं सारा; आत ओल असेल तर सील गेलं. टाकीत डोकावून पेडल अगदी हळू दाबा: सुरुवातीलाच तळाच्या बारीक भोकाजवळ ऑइलाची छोटी उसळी दिसली पाहिजे. दिसली नाही तर ते भोक कचऱ्यानं बुजलंय, नाहीतर पुश रॉड जास्त आवळलाय. पेडल वर यावं म्हणून पुश रॉड आवळत जायची युक्ती पुष्कळजण करतात. दोन दिवस पेडल छान वाटतं. पण रॉड पिस्टनला कायम दाबून ठेवतो, भोक बंद राहतं, तापलेलं ऑइल टाकीत परत येऊ शकत नाही, आणि ब्रेक आपोआप धरायला लागतो. पिस्टन आणि रॉडमध्ये किंचित खेळ, साधारण मिलिमीटरभर, राहिलाच पाहिजे. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर किटनं भागत नाही, अख्खं बदला.

रबरी पाईप तपासायला कुणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि पाईप मुठीत धरा. मुठीत फुगत असेल तर तो दाब खातोय.

ज्यांच्या गाडीला मागं डिस्कऐवजी ड्रम आहे त्यांचं काम कमी. पेडलची ढिल नटनं काढा, ब्रेकच्या आर्मवरची खूण शेवटच्या रेघेवर आली असेल तर ड्रमला आतून घासणारे शू बदला. आर्म एक दात सरकवून खूण मागं आणू नका. शू संपलेलाच असतो. ओढ्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी गेलं तर सपाट रस्त्यावर हळू चालवत ब्रेक हलकासा धरून सुकवा. वाळलेल्या ड्रममधून चिखल निघाला तर उघडून साफ करणं आलंच.

चाचणी. पहिल्यांदा गाडी उभीच ठेवून पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा, सगळे जोड बोटानं पुसून बघा. मग मोकळ्या सपाट शेतात, एकट्यानं, हळू वेगात. नवे पॅड असतील तर दहा-बारा वेळा मध्यम दाबानं वेग कमी करा, मध्ये डिस्क गार होऊ द्या. एकदम करकचून ब्रेक मारला तर पॅडवर चमक चढते. पहिलीच चाचणी म्हैसमाळच्या उतारावर घेऊ नका आणि मागं पर्यटक बसवून तर मुळीच नाही.

एवढं करून गाडी दिली तरी महिनाभरात परत येणाऱ्या काही असतात. बहुतेकांचं कारण गाडीत नसतं. भाड्यानं गाडी चालवणारा नवखा माणूस उतारावर घाबरून पूर्ण फेरीभर पाय पेडलवर ठेवतो, डिस्क निळी पडते, पॅड काच होतात. “पेडलवर पाय ठेवायचा तो थांबायचं असेल तेव्हाच, दादा,” हे हेल्मेट घालतानाच सांगायला मी मालकांना सांगतो. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर उतरायचं, आणि फेरी संपली की डिस्कजवळ हात नेऊन बघायचं, टेकवायचा नाही. लांबूनच धग लागली तर पुढच्या गिऱ्हाइकाला पाच मिनिटं चहा पाजा.